पिल्सबरी विरुद्ध गुन्सबर्ग, हेस्टिंग्ज १८९५: एंडगेममधले कौशल्य की प्रतिस्पर्ध्याच्या चुका?

अडीचघर (धागाकर्ता)

एकोणिसाव्या शतकातील बुद्धिबळ म्हणजे मोहऱ्यांचे बलिदान आणि राजावरचे हल्ले, असा समज आपल्याकडे अजूनही दृढ आहे. त्या शतकातला एंडगेमचा, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या अखेरच्या टप्प्याचा, सर्वांत सुंदर नमुना कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी इंग्लंडमधल्या १८९५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतील शेवटच्या फेरीचा हा डाव दाखवतो. स्पर्धेत २२ खेळाडू होते. अमेरिकेचा हॅरी नेल्सन पिल्सबरी अवघ्या २२ वर्षांचा होता, आणि २१ व्या फेरीला बसताना तो रशियाच्या चिगोरिनच्या अर्ध्या गुणाने पुढे होता. पांढरी मोहरी त्याच्याकडे होती. समोर होता इसिडोर गुन्सबर्ग, ज्याने चार-पाच वर्षांपूर्वी स्टाइनिट्झला जगज्जेतेपदासाठी आव्हान दिले होते.

तेराव्या खेळीला वजीर पटावरून गेले, विसाव्या खेळीपर्यंत चारही हत्ती गेले आणि सव्विसाव्या खेळीला उंटही संपले. उरले दोन राजे, दोन घोडे आणि दोन्ही बाजूंची सात-सात प्यादी. वरवर पाहता बरोबरीचाच डाव. फक्त पांढऱ्याचे सी-५ वरचे (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८) प्यादे मोकळे होते, म्हणजे त्याला रोखायला पुढे काळ्याचे प्यादे नव्हते, आणि त्याला डी-४ च्या प्याद्याचा आधार होता. काळ्याने घोडा बी-८ वर मागे घेतला होता, म्हणजे पुढच्या खेळीला तो सी-६ वर येऊन त्या प्याद्याची वाट अडवणार होता. नेमक्या त्याच क्षणी पिल्सबरी २७. एफ-५ खेळला. काळ्याने जी-५ खेळून उत्तर दिले. २८. घोडा बी-४, ए-५, २९. सी-६! आता काळ्याने घोडा मारला, तर सी-७ होऊन प्यादे वजीर होते. म्हणून राजा डी-६ वर आला, आणि पांढऱ्याने घोडा तसाच माऱ्यात ठेवून ३०. एफ×ई-६ केले, म्हणजे एफ पट्टीतल्या प्याद्याने ई-६ वरचे प्यादे मारले. आताही घोडा मारला, तर ई-७ या शहाने राजा बाजूला ओढला जातो आणि सी-७ पुढे सरकते.

माझे म्हणणे असे, की हा योगायोगाने सापडलेला डावपेच नव्हे. कोणती मारामारी करायची, कोणती टाळायची आणि कोणत्या घटकेला करायची, याच्या पक्क्या जाणिवेतून तो आलेला आहे.

बिनीचे प्यादे

लेख आवडला, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. या डावाची कीर्ती स्पर्धेच्या निकालामुळे वाढली आहे. त्या फेरीत चिगोरिन आणि तेव्हाचा जगज्जेता लास्कर दोघेही जिंकले. पिल्सबरीने बरोबरी केली असती, तर १६ गुणांवर त्याला चिगोरिनसोबत पहिला क्रमांक वाटून घ्यावा लागला असता. विजयाने १६.५ झाले आणि एक अपरिचित तरुण जगप्रसिद्ध झाला. अशा डावाकडे तटस्थपणे पाहणे कठीण असते.

पटावर काय घडले ते पाहू. पंचविसाव्या खेळीला गुन्सबर्गने स्वतःहून सी-५ वरचा उंट मारला आणि पांढऱ्याला ते मोकळे प्यादे मिळवून दिले. त्याचा डी-६ वरचा उंट राजाच्या आधाराने सुरक्षित होता, आणि पांढऱ्याने तो मारला असता, तर उलट काळा राजाच एक घर पुढे आला असता. त्यानंतर सत्ताविसाव्या खेळीला जी-५ ऐवजी त्याने जी×एफ-५ केले असते, तर इतक्या लवकर डाव कोसळला नसता. ज्या एंडगेममध्ये प्रतिस्पर्धी दोनदा दार उघडून देतो, त्याला कौशल्याचा सर्वोच्च नमुना म्हणणे मला पटत नाही.

अडीचघर

आपला पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे. उंटांची मारामारी डी-६ वर झाली असती, तर पांढऱ्याचा घोडा सी-५ वर येऊन बसला असता, आणि काळ्याला तो सहज हुसकावता आला नसता, कारण दहाव्या खेळीलाच बी-५ खेळून काळ्याने बी-६ वर प्यादे आणून त्याला हुसकावण्याची शक्यता कायमची घालवली होती. ते घर तेव्हापासूनच पोकळ होते. पिल्सबरीने तेविसाव्या खेळीला तिथे उंट बसवला आणि पुढच्याच खेळीला बी-४ ने आधार दिला. गुन्सबर्गने दार उघडले हे कबूल. पण त्याला त्या दारापर्यंत रेटत कोणी नेले, तेही पाहायला हवे.

जी×एफ-५ विषयी: २८. जी×एफ-५, ई×एफ-५, २९. घोडा एफ-४. आता डी-५ चे प्यादे वाचत नाही, आणि ते पडताच सी आणि डी पट्टीतली दोन्ही पांढरी प्यादी मोकळी होतात. काळा अधिक काळ झुंजला असता, एवढे मात्र मान्य.

पटापलीकडे

मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि हा डाव दरवर्षी घेतो. सव्विसाव्या खेळीनंतरची स्थिती मांडून मी विचारतो, की पांढऱ्याने काय करावे. बहुतेक मुले राजा पटाच्या मध्याकडे आणतात. एरवी ती उत्तम सवय आहे, पण इथे त्या एका खेळीत काळा घोडा सी-६ वर पोहोचतो आणि संधी हातची जाते. वेळेचे हे भान शिकवायला याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही, मग गुन्सबर्ग चुकला असो वा नसो.

बिनीचे प्यादे

शिकवण्यासाठीची उपयुक्तता मी नाकारत नाही. माझी शंका वेगळी आहे: पिल्सबरीने हे सर्व आधी पाहिले होते, की एकेक खेळी समोर येईल तशी तो खेळत गेला? निकाल ठाऊक असल्यावर प्रत्येक खेळी योजनाबद्ध वाटू लागते.

अडीचघर

या शंकेचे उत्तर बत्तिसाव्या खेळीत आहे. तिसाव्या खेळीनंतर काळ्याने घोड्याने सी-६ मारले, घोड्यांची मारामारी झाली आणि काळा राजा सी-६ वर आला. आता पांढऱ्याचे ई-६ वरचे प्यादे एकटे आहे. ते ई-७ वर ढकलले, तर राजा डी-७ वर येऊन त्याला गाठतो, आणि ते गेले, की पांढरा एक प्यादे मागे पडून वजिराच्या बाजूला काळ्याच्या दोन प्याद्यांसमोर त्याचे एकच उरते. म्हणजे हा सगळा मार्ग ३२. ई-४! या एका खेळीवर उभा आहे. काळ्याने ते मारले, की ३३. डी-५ चा शह बसतो आणि डी-५, ई-६ ही जोडी तयार होते. राजाने डी-५ मारावे, तर ई-६ चे प्यादे सुटते. ई-४ दिसली नसेल, तर तिसाव्या खेळीला एफ×ई-६ करणे हा आत्मघात होता. ती आधी पाहिल्याशिवाय या वाटेला कोणी जाईल, असे मला वाटत नाही.

बिनीचे प्यादे

हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि बत्तिसाव्या खेळीविषयी मी माघार घेतो. मात्र छत्तिसाव्या खेळीला काळ्याने केलेला एच-५ आपण विसरलात. तिथे काळा राजा ई-७ वर गेला असता तर?

अडीचघर

तरीही पांढराच जिंकतो, पण केसभर फरकाने. ३७. राजा सी-४, बी-३, ३८. ए×बी-३, ए-३, ३९. राजा सी-३, एफ-५, ४०. जी×एफ-५, एच-५, ४१. बी-४, ए-२; ४२. राजा बी-२, आणि ते प्यादे वजीर होताच राजा त्याला मारतो. मग काळ्याची जी आणि एच प्यादी एका बाजूला, पांढऱ्याचे बी प्यादे दुसऱ्या बाजूला, अशी शर्यत लागते. शेवटी डी-६ चा शह देऊन पांढरा ते प्यादे देतो, काळा राजा ते मारून बी प्याद्याला अडवायला वळतो, तेवढ्यात ई-७ पुढे येते. काळ्याचे प्यादे जी-२ वर, वजीर होण्यापासून एका घरावर असताना पांढऱ्याचा नवा वजीर शहासकट पटावर येतो. पट मांडून एकदा खेळून पाहावे, अशी आपल्याला विनंती आहे.