मदत हवी आहे: 8080 वर क्लोज-वेट कनेक्शन साचतात

लिनक्स सर्व्हर, पुढे एनजिनएक्स (विनंत्या मागे पाठवणारा वेब सर्व्हर), मागे 8080 पोर्टवर जावा अ‍ॅप. रीस्टार्टनंतर क्लोज-वेट (समोरून बंद झालेली, पण आपल्याकडे उघडी राहिलेली कनेक्शन) 5-10 असतात, सहा तासांत 900 पार. फाइल डिस्क्रिप्टरची (प्रोसेसने उघडलेल्या प्रत्येक फाइल किंवा सॉकेटचा क्रमांक) मर्यादा 1024 आहे. ती भरली की 'टू मेनी ओपन फाइल्स' येतं आणि नवीन कनेक्शन घेणंच थांबतं.

टाइम-वेटची (बंद झाल्यावर थोडा वेळ नोंद राहणारी कनेक्शन) चिंता नाही, ते 60 सेकंदांत आपोआप जातात. क्लोज-वेट म्हणजे समोरून फिन (कनेक्शन बंद करण्याचा संदेश) आलं, कर्नलने अ‍ॅक (पोच) दिलं, पण अ‍ॅपने सॉकेट बंद केलं नाही. म्हणून फिन-टाइमआउट कमी करा असं कृपया सुचवू नका, तो फिन-वेट-2 (आपण आधी बंद करून समोरच्या फिनची वाट पाहण्याची स्थिती) साठी असतो. मर्यादा वाढवली तर फक्त वेळ पुढे ढकलली जाईल.

एसएसच्या (सॉकेटची यादी दाखवणारी कमांड) आउटपुटमध्ये बहुतेक ओळींत रिसीव्ह-क्यू (आलेलं, पण अजून न वाचलेलं) 1 आहे, म्हणजे विनंती वाचून झालीय, फक्त फिन वाचायचं राहिलंय. थोड्या ओळींत मात्र 300-400 बाइट पडून आहेत. हे थ्रेड पूल (विनंत्या हाताळणाऱ्या थ्रेडचा संच) अडकल्याचं लक्षण धरावं का?

क्रॉनने (ठरावीक वेळी कामं चालवणारी सेवा) दर मिनिटाला स्थितीनुसार मोजणी लॉग होते. आकड्यावर अलर्ट लावावा की वाढीच्या वेगावर? आणि अडकलेलं सॉकेट नेमक्या कोणत्या थ्रेडकडे आहे, हे जेस्टॅकच्या (जावाचे थ्रेड काय करताहेत ते दाखवणारं साधन) डंपशी कसं जुळवता?