जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग जड झालंय, रॅक बदलायलाच लागेल का?

कोथरूड_ते_कराड:
नमस्कार मंडळी. बाबांची २००७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सव्वा लाख किमी झालेत, आता मीच वापरते. कंपनी कुठली ते मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मग धागा "ती गाडीच डबडं, विकून टाका" वर जातो आणि गाडी विकायची नाहीये. हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे, म्हणजे बॉनेटखाली तेलाचा डबा, पट्ट्यावर फिरणारा पंप वगैरे जुन्या पद्धतीचं.

त्रास असा की सकाळी गाडी काढताना स्टिअरिंग प्रचंड जड, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधून रिव्हर्स घेताना अक्षरशः लोंबकळावं लागतं, आणि वळवताना घूंऽऽ असा आवाज, जितकं वळवू तितका वाढत जातो. थोडी रेस दिली की हलकं होतं. हायवेला काहीच जाणवत नाही. नेहमीच्या गॅरेजवाल्याने खाली बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला की गळती कुठेच नाही म्हणजे रॅक (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा आडवा भाग) आतून गेलाय, नवा २६ हजार, भंगारातला ११ हजार, मजुरी आणि अलाइनमेंट वेगळं. दुसरा म्हणतो रॅक छान आहे, पंप गेलाय. गाडीच लाखाच्या आतली राहिलीय, त्यात २६ घालायचे म्हणजे जिवावर येतं. काय करू?

पाना_१०_१२:
ताई, रॅकला हात लावू देऊ नका एवढ्यात. रॅक आतून गेला की स्टिअरिंग जड होतं हे खरं, पण पंप सहसा असा बोंबलत नाही. आवाज येतोय म्हणजे पंपाला तेल नीट मिळत नाहीये किंवा तेलाबरोबर हवा जातेय. आणि रेस दिल्यावर हलकं होतंय म्हणजे पंप जोरात फिरला की कसाबसा दाब तयार होतो, आयडलिंगला होत नाही. याला कारणं चार-पाच आहेत आणि त्यातली बहुतेक स्वस्तातली.

आधी टायरची हवा बघा, हसू नका, पुढच्या टायरमध्ये २२-२४ पीएसआय घेऊन फिरणारे आणि पंप बदलून आलेले लोक मी पाहिलेत. मग पट्टा. फुल कट मारल्यावर, म्हणजे स्टिअरिंग पार टोकापर्यंत वळवल्यावर, चिर्रर्र असा कर्कश आवाज आला तर पट्टा सैल आहे किंवा आतून काचेसारखा गुळगुळीत झालाय, तुमचा घूं आहे म्हणून मला तो वाटत नाही पण अंगठ्याने दाबून बघायला काय जातंय. तिसरं म्हणजे डब्यातलं तेल. गाडी चालू ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवायला सांगा आणि तुम्ही झाकण काढून आत बघा, फेस दिसतो का, तेल दुधाळ झालंय का. लेव्हल कुठे आहे ते बघा, इंजिन बंद करा आणि लगेच परत बघा. बंद केल्या केल्या लेव्हल अर्धा सेंटीमीटर किंवा जास्त वर आली तर सिस्टिममध्ये हवा आहे, कारण दाबाखाली बसलेली हवा दाब गेला की फुगते आणि तेल वर ढकलते.

शेवटचं, पुढची दोन्ही चाकं उचलून नीट स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर नको), इंजिन बंद, आणि स्टिअरिंग हाताने हळू फिरवा. एका फेरीत दोनदा घट्ट, दोनदा सैल असं लागलं तर कॉलमखालचा (स्टिअरिंगच्या दांड्याखालचा) क्रॉस, म्हणजे तिथला फिरता सांधा, गंजलाय. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी-चिखल बसून तो हमखास अडकतो आणि लोक बिचाऱ्या रॅकला शिव्या घालतात.

जुना_जाणता:
आम्ही पद्मिनीत आख्खा खंबाटकी चढलो उतरलो, कसलं पॉवर अन कसलं काय. हल्लीच्या पोरांच्या हातात जोरच नाही.

पाना_१०_१२:
काका, पद्मिनीचे टायर केवढे बारीक आणि स्टिअरिंगचं चाक केवढं मोठं ते पण सांगा ना. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत मदत गेली की ती साध्या स्टिअरिंगपेक्षा जास्त जड लागते, कारण गिअरिंगच तसं ठेवलेलं असतं आणि वर रॅकमधलं तेलही तुम्हालाच ढकलावं लागतं. ताईंच्या हाताचा काही दोष नाही 😀

कोथरूड_ते_कराड:
भावाला हाताशी धरून सगळं करून बघितलं. हवा बरोबर होती. पट्टा ठीक वाटतोय, भेगा नाहीत. तेल मूळचं लाल असणार पण आता काळपट चॉकलेटी, जळकट वास, आणि फिरवताना वर बारीक बारीक बुडबुड्यांचा थर येतो. इंजिन बंद केल्यावर लेव्हल सरळ डोळ्यादेखत वर आली, बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी. चाकं उचलून फिरवलं तर एकसारखं फिरतंय, कुठे अडकत नाही. पण मला एक कळत नाही, हवा आत जायला फट पाहिजे ना? आणि फट असेल तर तेल खाली पडायला नको का? फरशीवर एक थेंब नाही.

सांगलीचा_मिस्त्री:
त्याच "थेंब नाही" वर तर गॅरेजवाले फसत्यात ताई. डब्यातून पंपाकडं जाणारी जाड नळी असती, ती ओढीची बाजू. तिथं दाब नसतोय, उलट पंप ओढतोय. रबर कडक होऊन क्लिपपाशी केसाएवढी चीर पडली की तेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाती. चिरलेल्या स्ट्रॉनं शहाळं ओढल्यागत, पाणी कमी अन फुरफुर जास्त. दाबाची नळी फुटली की मात्र इंजिनवर फवारा उडतोय, ती लपत नाही.

दुसरं, बऱ्याच गाड्यांत डब्याच्या तळाला बारीक जाळी असती. पंधरा-सतरा वर्षांत तेल कुणी बदललेलं नसतंय, नळ्यांच्या आतलं रबर सुटून अन पंपाची झिज मिसळून काळा गाळ त्या जाळीवर बसतो. पंपाला तेलच पोचत नाही. सकाळी तेल गार अन घट्ट असतंय म्हणून त्रास जास्त, गरम झालं की थोडं बरं. तुमची लक्षणं तंतोतंत हीच हायत.

करायचं काय सांगतो. डबा काढून पेट्रोल नाहीतर ब्रेक क्लीनरनं धुवा, उजेडाकडं धरून जाळीतनं आरपार दिसतंय का बघा अन पूर्ण वाळू द्या. काही डब्यांची जाळी आत फिक्स असती, धुऊन निघत नसंल तर डबाच नवीन घ्या, रॅकच्या पुढं ती किंमत काय बी नाही. ओढीची नळी बदला, अन पाण्याची नाही, तेलाला चालणारी घ्या, पाण्याची महिन्यात फुगून मऊ पडती. स्प्रिंगची जुनी क्लिप सैल झाली असंल तर जुबिली (स्क्रूनं आवळायची) क्लिप लावा पण आवळून नळी कापू नका. डब्याकडं परत येणाऱ्या नळीचं तोंड बाटलीत सोडा, डब्याची ती नळकांडी बूच लावून बंद करा, चाकं वर असताना इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासनं त्या टोकापर्यंत फिरवत ऱ्हावा, जुनं तेल बाहेर पडतंय, वरनं नवीन ओतत ऱ्हायचं. डबा रिकामा पडू द्यायचा नाही. छोट्या गाडीला लिटरभर लागतं, धुवायला धरून दोन आणा.

मग नळी जोडून परत तसंच इंजिन बंद ठेवून हळू पंधरा-वीस वेळा फिरवा, बुडबुडे थांबले की इंजिन चालू करा. अन फुल कटला दाबून धरायचं नाही, पाच सेकंदाच्या वर कधीच नाही, तिथं पंपाचा सगळा दाब वाल्ववर जातोय अन तेल तापतं.

शनिवार_पेठी:
एवढं सगळं कशाला, दुकानात सील मऊ करायचं लिक्विड मिळतं, अर्धी बाटली टाकायची, माझ्या मेव्हण्याच्या गाडीला दोन वर्षं चाललं. आणि तेल कमी वाटलं तर ब्रेक ऑइल टाका, तेलच ते.

सांगलीचा_मिस्त्री:
ओ साहेब, ब्रेक ऑइल अजिबात नको!! ते तेलच नाही, ग्लायकॉलचं असतंय, पॉवर स्टिअरिंगची सीलं त्यानं फुगत्यात अन मग पंप, रॅक, नळ्या सगळंच बदलायची पाळी येती. सील मऊ करायचं लिक्विड गळक्या रॅकला चार दिवस ढकलायला ठीक, इथं गळतीच नाही तर मऊ काय करणार.

पाना_१०_१२:
+१. आणि ताई, तेल डब्याच्या टोपणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या. जुन्या जपानी गाड्यांत बहुतेक लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), डेक्सरॉन टाइप, चालतं, होंडाला त्यांचंच वेगळं लागतं, जर्मन ग्रुपच्या बऱ्याच गाड्यांत हिरवं असतं आणि लाल-हिरवं एकत्र करायचं नाही. नळी कंपनीची नाही मिळाली तर नाना पेठेत जुना तुकडा हातात घेऊनच जा, फोनवर माप सांगून काही होत नाही.

बाकी रॅकच्या दोन्ही टोकांच्या रबरी बुटाची क्लिप सैल करून आत बोट घालून बघा. बूट आतून तेलाने भरलेला निघाला तर रॅकची सीलं गेलीत, मग वेगळी चर्चा. कोरडा असेल तर त्या २६ हजारवाल्याला लांबूनच नमस्कार.

कोथरूड_ते_कराड:
अपडेट. मिस्त्रीदादा, तुम्हाला कोथरूडकडून एक मिसळ लागू. ओळखीच्या एका छोट्या गॅरेजवाल्याला हा धागाच वाचून दाखवला, तो म्हणाला बघू या. डबा काढला तर जाळीवर काळं, शेवाळासारखं बुळबुळीत काहीतरी चिकटलेलं, बोटावर घेतलं तर रबराचे कण लागत होते. ओढीची नळी डब्याच्या बाजूला क्लिपखाली वाकवल्यावर चीर उघडली, सरळ धरली की दिसतच नव्हती. बूट दोन्ही कोरडे. डबा धुऊन जाळी काही पूर्ण मोकळी होईना म्हणून नवीनच टाकला, नळी नवीन, दोन लिटर तेल, मजुरी धरून ३४०० मध्ये बसलं.

आवाज जवळपास गेलाय, आयडलिंगला एका हाताने वळतं. सकाळी पहिल्या वळणाला अजून किंचित घूं येतं आणि मग थांबतं. ते राहणार का?

सांगलीचा_मिस्त्री:
थोडी हवा ऱ्हायली आसंल, आठवडाभर चालवा, आपोआप वर येती. मग डब्यातलं तेल सिरिंजनं ओढून नवीन भरा, कारण रॅकच्या कोपऱ्यात जुनं उरतंयच. तरी आवाज ऱ्हायला तर पंपाची पाती थोडी खाल्लीत समजा, इतकी वर्षं उपाशी फिरलाय तो. तेवढ्यासाठी पंप काढू नका. जड व्हायला लागला तर बघू.

नवा_भिडू:
धागा हायजॅक करतोय, सॉरी. माझी इलेक्ट्रिक स्टिअरिंगवाली आहे, १२ वर्षं जुनी, मध्येच पिवळा दिवा लागतो आणि एकदम जड होतं, बंद-चालू केलं की परत नीट. याच्यात पण तेल बदलायचं का?

पाना_१०_१२:
त्यात तेलच नसतं हो, मोटर असते. आधी बॅटरी बघा, गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५, त्याखाली असेल तर मोटरला जोर मिळत नाही आणि युनिट स्वतःच बंद होतं. मग टर्मिनल आणि अर्थिंगची वायर घासून घ्या. तरी दिवा लागला तर स्कॅनर लावून कोड काढा आणि तो कोड घेऊन नवीन धागा टाका, इथे नको, मिस्त्रींचा जेवायचा टाइम झालाय.