मदत हवी आहे: उबुंटूवर व्हर्च्युअलबॉक्सचे कर्नल मॉड्यूल लोड होत नाही

उबुंटू 24.04 वर अधिकृत रिपॉझिटरीतूनच व्हर्च्युअलबॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) घेतले आहे. परंतु व्हर्च्युअल मशीन सुरू होत नाही आणि त्याचे ‘व्हीबॉक्सड्रव्ह’ (vboxdrv) हे कर्नल मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा भाग, मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करण्याची कमांड) वापरून लोड करू गेल्यास सहीची ‘की’ (key) नाकारल्याचा संदेश येतो. चालू कर्नलचे हेडर्स स्थापित आहेत, अवलंबित पॅकेजेस पूर्ण आहेत आणि डीकेएमएस (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणारी यंत्रणा) हे मॉड्यूल विनातक्रार बांधते, त्यामुळे अडचण सिक्युअर बूटसाठी (फक्त विश्वासू सही असलेला कोड चालू देणारी सुरक्षा) लागणाऱ्या डिजिटल सहीमध्ये असावी, असे वाटते. एमओके (MOK, संगणकाच्या मालकाने स्वतः नोंदवलेली सहीची की) नोंदवण्याची निळी स्क्रीन रीस्टार्टच्या वेळी दिसलीच नाही. दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे डिस्क एन्क्रिप्शन सिक्युअर बूटवर अवलंबून असल्याने सिक्युअर बूट बंद करता येणार नाही. ती एमओके की पुन्हा नोंदणीसाठी कशी पाठवावी, आणि पुढे कर्नल अपडेट झाल्यावर नव्या मॉड्यूलवर त्याच कीने आपोआप सही होईल का?