‘ल मिल्यों’ तुम्हाला कुठे भेटला?

रिकामटेकडी

परवा भाचीने विचारलं, ‘मावशी, तुला आवडलेला सगळ्यात जुना प्रेमाचा विनोदी सिनेमा कुठला?’ तोंडातून आपसूक ‘ल मिल्यों’ निघालं. रने क्लेरचा, फ्रेंच, कृष्णधवल, 1931 सालचा. तिने नाव लिहून घेतलं, मी मात्र आठवत बसले. म्हणून हा धागा. परीक्षणं नकोत. कुठे पाहिलात, कोणाबरोबर पाहिलात आणि पुढे काय घडलं, तेवढं लिहा.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात गोष्ट. मिशेल हा पॅरिसमधला कडका चित्रकार. वाणी, खाटीक, दूधवाला, सगळ्यांची उधारी थकलेली. समोरच्या खोलीतली बेआत्रीस ऑपेरात नाचते, तिच्याशी याचं लग्न ठरलंय. तरी हा पठ्ठ्या दुसरीच्याच गळ्यात पडलेला तिला दिसतो. ती फणफणलेली असताना पोलिसांना चुकवत एक म्हातारा चोर तिच्या खोलीत शिरतो आणि ती मिशेलचं, शिवायला घेतलेलं फाटकं जाकीट त्याला देऊन टाकते. पाठोपाठ बातमी येते की मिशेलला डच लॉटरीत दहा लाख फ्लोरिन लागलेत. तिकीट अर्थातच त्या जाकिटाच्या खिशात. पुढे सगळी धावाधाव.

मी तो कॉलेजात असताना पाहिला, एका फिल्म क्लबात, शाळेच्या हॉलमध्ये, लाकडी बाकांवर बसून. प्रोजेक्टरवाल्याने तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लावलं. कोणाच्या लक्षात आलं नाही! सगळे पळतायत, गातायत, आम्ही हसतोय. मग मधलं रीळ लागलं आणि जो गायक मघाशी रंगमंचावर जाकीट घालून गात होता, तोच जुन्या कपड्यांच्या दुकानात जाऊन ते विकत घ्यायला लागला. मागच्या बाकावरचे एक काका मोठ्याने म्हणाले, ‘अहो, याच्याकडे एक आहे की!’

बरोबर क्रमाने मी तो त्यानंतर अकरा वर्षांनी पाहिला. खरं सांगू? पहिल्यांदा जास्त हसले होते.

विंगेतला

माझे वडील संगीत नाटकांच्या दौऱ्यांवर पडदे ओढायचे. त्यामुळे या सिनेमातला ऑपेराचा भाग मी पाहतो तो नायक-नायिकेसाठी नाही.

तो प्रसंग असा. सोप्रानेली नावाचा भरभक्कम गायक आणि तितकीच भरभक्कम गायिका. विंगेत एकमेकांचं तोंड बघवत नाही, पण पडदा वर गेला की बागेत बसून प्रेमाचं द्वंद्वगीत. मिशेल आणि बेआत्रीस नेमके त्या वेळी रंगवलेल्या झुडपामागे अडकलेत. हलता येत नाही, बोलता येत नाही. तिचा राग अजून गेलेला नाही. समोर गाणं चाललंय की अखेर आपण दोघंच आहोत वगैरे, आणि मागे हा त्या गाण्याच्या आधाराने तिची मनधरणी करतोय. एकही शब्द त्याचा स्वतःचा नाही. आणि वरून एक कामगार पाकळ्या सोडतोय.

मला दिसला तो हा वरचा माणूस. आमचे दादा, म्हणजे वडील, हेच करायचे. पतंगी कागदाचे तुकडे सुपात घेऊन माळ्यावर चढायचं आणि खाली बघत थांबायचं. त्यांचं म्हणणं, सूप समेवर हलवायचं नाही, सम झाल्यावर हलवायचं. नाहीतर पाकळ्या टाळ्यांमध्ये वाया जातात. पंचाईत व्हायची ‘वन्स मोअर’ आला की. गाणं परत, सूप रिकामं. मग दुसऱ्या खेपेला नायिका वर बघायची आणि दादा वरून हात हलवून दाखवायचे की संपलं.

एकमेकांशी अबोला धरलेले नट-नटी पदं म्हणताना डोळ्यांत पाणी आणायचे हेही त्यांनी पाहिलेलं. ‘खोटं होतं का ते?’ मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘गाणं सुरू असेपर्यंत नव्हतं.’

कानसेन

ध्वनिमुद्रण शिकत असताना हॉस्टेलवर, रात्री, लॅपटॉपवर पाहिला. शेवटाकडे रंगमंचामागे जाकिटासाठी झोंबाझोंबी होते. ती ऐन रंगात आली आणि मला शेजारच्या खोलीतून मॅचचा गोंगाट ऐकू यायला लागला. प्रेक्षकांचा आरडाओरडा, पंचाची शिट्टी. उठून भिंतीवर दोन थापा मारल्या. तिकडून शिवी आली. परत बसलो तर शिट्टी परत!

मग पेटली. आवाज सिनेमातच होता. माणसं जाकीट रग्बीच्या चेंडूसारखं एकमेकांकडे फेकतायत, म्हणून क्लेरने त्यांच्यावर सरळ मॅचचा आवाज घातलाय. चित्रात मैदान नाही, प्रेक्षक नाहीत, पंच नाही.

याचं मोल कळायला साल बघा. 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’, भारतातला पहिला बोलपट, लागला. आपला पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ त्याच्या पुढच्या वर्षीचा. जगभर तेव्हा बोलपट म्हणजे ओठ हलले की शब्द ऐकू आलाच पाहिजे, असा हिशेब. क्लेर मुळात बोलपटांवर नाराज होता, शब्दांच्या नादी लागून सिनेमा पुन्हा नाटक होईल ही त्याची धास्ती. आणि नाराज माणसाने आवाजाशी केवढा खेळ केला! ज्याला नवी गोष्ट लगेच आवडते त्याला हे सुचत नसावं.

शेजारच्या खोलीतल्याला सकाळी जाऊन सॉरी म्हटलं. त्याने विचारलं, कुठली मॅच?

खवचट

सगळे भजनाला बसलेच आहात तर एक बेसूर. मला नाही आवडला. मिशेल हा निव्वळ खुशालचेंडू. उधारी बुडवतो, ठरलेल्या बायकोसमोर दुसरीशी गुलुगुलु करतो, आणि शेवटी सगळं आयतं मिळतं. बेआत्रीसने जाकीट चोराला दिलं तेच सिनेमातलं एकमेव न्याय्य कृत्य. त्याचा मित्र प्रॉस्पर पोलीस चौकीत तोंडावर ‘मी याला ओळखत नाही’ म्हणतो, तर सगळे त्याला दुष्ट ठरवतात. मी तर टाळी वाजवली.

बेआत्रीस झालेली आनाबेला मात्र सुरेख दिसते, हे मान्य.

रिकामटेकडी

खवचट, प्रॉस्परसारखे मित्र सगळ्यांना असतात. तुम्ही त्यांच्या बाजूने आहात हे पहिल्यांदाच कळलं.

सीनकाठचा

नोकरीसाठी पॅरिसला आलो तेव्हा भाषेच्या वर्गातल्या बाईंनी या सिनेमातली गाणी ऐकायला सांगितली. बोललेली फ्रेंच माझ्या डोक्यावरून जायची, पण देणेकऱ्यामागे लागलेला वाणी-खाटकांचा कोरस गातो तेव्हा एकेक अक्षर सुटं ऐकू यायचं. माझा पहिला पक्का शब्द ‘व्हेस्तों’, म्हणजे जाकीट. सिनेमाभर सगळे त्याच्याच नावाने ठणाणा करतात. थंडीत दुकानात गेलो आणि ऐटीत व्हेस्तों मागितलं. विक्रेता हसला. आता लोक ‘व्हेस्त’ म्हणतात. माझा शब्द त्याच्या आजोबांच्या वेळचा होता. आपल्याकडे कोणी परदेशी माणसाने दुकानात ‘अंगरखा आहे का’ विचारावं तसं.

पुढे एका रविवारी पॅरिसजवळच्या एपिने-स्युर-सेनला जाऊन आलो. सिनेमा तिथल्या स्टुडिओत झाला. सुरुवातीला रात्रीची पॅरिसची छपरं दिसतात ना, दोन माणसं कौलांवरून चालत येऊन खिडकीतून खालचा जल्लोष बघतात, ती छपरंही उभारलेलीच. नेपथ्य लाझार मेअरसनचं. त्याने नटांच्या मागे, देखाव्यापुढे तलम जाळीचं कापड ताणलं होतं, त्यामुळे माणसं ठसठशीत आणि मागचं सगळं धुकट, स्वप्नातल्यासारखं. मी माझ्या खोलीच्या खिडकीतून खरी छपरं रोज बघतो. पावसात, काचेवर वाफ धरली की तीही तशीच दिसतात. एरवी अँटेना आणि कबुतरं.

उधारीची वही

मी वाण्याची मुलगी. त्यामुळे माझ्या लेखी या सिनेमाचे नायक ते देणं वसूल करायला आलेले. जिन्यावरून वर, जिन्यावरून खाली, आणि एका सुरात. बाबांना लॅपटॉपवर दाखवला, संवाद मी मराठीत सांगत होते. लॉटरी लागल्याचं कळल्यावर तीच माणसं मिशेलच्या पाया पडायच्या बेताला येतात, त्याच्या नावाने मेजवानी मांडतात. मी म्हटलं, ‘बघा, पैसे दिसले की लोक कसे बदलतात.’

बाबा म्हणाले, ‘बदलले कुठे? आधी जुन्या उधारीसाठी आले होते, आता नवी द्यायला आलेत.’ आपल्या राज्याची लॉटरी 1969 मध्ये निघाली, तेव्हा ते नुकतेच गल्ल्यावर बसायला लागले होते. आमच्या आळीत एकाला छोटं बक्षीस लागलं. त्याची आधीची बाकी सत्तर रुपये होती. महिनाभरात ती दोनशेच्या वर गेली, कारण प्रत्येक दुकानदार ‘राहू द्या हो, घाई कसली’ म्हणायला लागला. ‘गरिबाला उधार देताना वाणी विचार करतो. श्रीमंताला देताना कोण करतो?’

सिनेमा संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘पण दूधवाल्याचे पैसे दिले की नाही शेवटी?’ तेवढं दाखवत नाहीत हो.

दोघंजण

आम्ही तो पाहिला तेव्हा आमच्यात पाचवा दिवस होता अबोल्याचा. कारण लिहिण्यासारखं नाही, गॅसच्या शेगडीवरून सुरू झालं आणि सासरपर्यंत गेलं. तिकिटं आधीच काढलेली. कोणीच ‘नको जाऊ या’ म्हणालं नाही, कारण त्यासाठी बोलावं लागलं असतं.

मधे खारे शेंगदाणे. पुडी त्यांच्या हातात. मी माझे घेत नव्हते. ऑपेराचा प्रसंग आला, वर विंगेतला यांनी लिहिलाय तोच. ती झुडपामागे पाठ फिरवून बसलेली, समोर तो जाडा माणूस ऊर फुटेस्तोवर प्रेम करतोय, आणि हिची मान हळूहळू वळतेय. हॉल हसत होता. मीही हसले. हसताना शेजारी बघायची सवय, तशी बघितलं. पुडी माझ्या बाजूला धरलेली होती. किती वेळ धरली होती कोण जाणे.

शेंगदाणे घेतले. बोलणं घरी पोचल्यावर सुरू झालं आणि तेही ‘किल्ली कुठे ठेवलीस’ यावरून. शेगडीचा मुद्दा अजून सुटलेला नाही.

उन्हाळी

सिनेमा मी मागच्या वर्षी पाहिला, पण गोष्ट आमच्या घरी आधीच घडून गेली होती.

आईने बाबांचा कोपरावर विरलेला कोट बोहारणीला दिला आणि एक पितळी पातेलं घेतलं. घासाघीस मी दारात बसून ऐकली. आईने वर एक नऊवारी घातली तेव्हा सौदा पटला. संध्याकाळी बाबांनी खुंटीकडे बघितलं. आतल्या खिशात आजोबांच्या जमिनीच्या निकालाचा कागद होता, न्यायचा म्हणून आदल्या दिवशीच ठेवलेला. पुढचे आठ दिवस बाबा सायकलवरून जुन्या बाजारात, कोटांचे ढिगारे उपसत. काका रोज येऊन ‘मी सांगितलं होतं, नक्कल काढून ठेव’ म्हणायचे. आई आणि बाबा बोलत नव्हते. सिनेमातलं सगळं होतं, गाणी सोडून.

नवव्या दिवशी दुपारी तीच बोहारीण दारात. टोपली खाली ठेवली आणि कमरेच्या पिशवीतून चारपदरी घडी काढली. कोट विकून झाला होता. ‘शिक्का दिसला म्हनून ठिवला. वाचता येत न्हाई मला.’ आईने तिला बसवून जेवायला घातलं, वर वीस रुपये दिले. सिनेमात तो म्हातारा चोर ला त्युलिप शेवटी बेआत्रीसच्या उपकाराला जागून जाकीट घेऊन येतो, तेव्हा माझ्याबरोबरचे सगळे म्हणाले, ‘असं कुठे होतं का!’ मी गप्प बसले.

पातेलं अजून आहे. दोनदा कल्हई झाली.

रिकामटेकडी

फोटो टाका की पातेल्याचा.