दुर्बिणीच्या ऑपरेशनचा बसलेला हात मोडू नये म्हणून घरी सराव कसा करावा?

बाँडवरचा सर्जन, गडचिरोली

एमएस होऊन आठ महिने झाले. बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत आहे. हर्निया, हायड्रोसील, गळवं, कुऱ्हाडीच्या जखमा यांत दिवस जातो, ओपन कामात हात छान चालतो. पण इथे दुर्बिणीच्या (लॅपरोस्कोपिक) ऑपरेशनची सोय नाही. मागच्या रविवारी माझ्या कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये बॉक्स ट्रेनरवर, म्हणजे दुर्बिणीच्या सरावाच्या खोक्यावर बसलो. आतून मारायची गाठ परीक्षेच्या वेळी दोन मिनिटांत बसायची. या वेळी चार मिनिटं झाली तरी सुई जबड्यात काटकोनात उभी राहीना, सारखी लोळायची. दोऱ्याचं टोक धरायला गेलो की ग्रास्पर (पकडायचा लांब चिमटा) त्याच्या पुढेच मिटायचा. घाम फुटला. बाँड संपल्यावर मी कुणाच्या तरी पित्ताशयाला हात लावणार आहे. तोवर खोलीवर काय करता येईल?

जुना सर्जन, सांगली

डॉक्टर, खोका घरीच बनवा. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत एलईडीची पट्टी, वर मोबाइलचा कॅमेरा, चित्र लॅपटॉपवर. झाकणाला वीतभर अंतरावर दोन भोकं पाडा आणि त्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे ताणून बसवा. ट्यूब टाळू नका. पोटाच्या भिंतीवर उपकरण टेकतं, म्हणून हात डावीकडे गेला की टोक उजवीकडे जातं. ही उलटी चाल हाताला सतत द्यावी लागते, नुसत्या भोकात ती नीट येत नाही. उपकरणं बाद झालेली चालतील, फक्त जबडा घट्ट मिटायला हवा.

आधी पेग ट्रान्सफर. एफएलएस या दुर्बिणीच्या कौशल्याच्या परीक्षेत असतात तसे सहा तुकडे डाव्या हाताने उचलायचे, हवेतच उजव्यात द्यायचे, खुंटीवर घालायचे आणि मग उलट. परीक्षेत ३०० सेकंद मिळतात, पण तयार हातासाठी ४८ सेकंदांचं लक्ष्य धरतात. किती तुकडे पडले तेही वहीत लिहा. घाईत मारलेला हात मला कधीच आवडला नाही.

ओटी सिस्टर

सर, मुदत संपलेले दोरे सिस्टर इन्चार्जना विचारून घ्या. मात्र पाकिटावर लाल पेनाने ‘सराव’ लिहून ते ओटीबाहेरच ठेवा, चुकून चालू साठ्यात मिसळायला नकोत. सुया मोजून घ्या, मोजून परत आणा.

स्त्रीरोगतज्ज्ञ, नाशिक

रविवारी सलग चार तास बसू नका. रोज वीस मिनिटं पुरे. २००६ साली टोरोंटोच्या अभ्यासात ३८ रेसिडेंटना (शिकाऊ सर्जनना) बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. शिकवणं तेवढंच, पण काहींना एका दिवसात चारही सत्रं, काहींना आठवड्याला एक. महिन्याने आठवड्यावाल्यांचा हात सरस निघाला.

एक मात्र सांगते. खोक्यात रक्त येत नाही, चिकटलेलं पित्ताशय नसतं आणि कधी थांबून ओपन करायचं हे खोका विचारत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन सीनियरच्या हाताखाली कॅमेरा धरा. आणि बाँड संपल्यावरच्या पहिल्या पाच-सहा केसना शेजारी सीनियर उभे हवेत, हे आत्ताच ठरवून ठेवा.

बाँडवरचा सर्जन, गडचिरोली

सर, सिस्टर, मॅडम, मनापासून आभार. सायकलच्या दुकानदाराने ट्यूब फुकट दिली. पाटाच्या फळीवर बारा खिळे ठोकले, तुकडे रबरी चपलेचे कापले. काल पहिली फेरी: १७४ सेकंद, तीन तुकडे पडले, तिन्ही डाव्या हातातून. सर, डाव्या हातासाठी वेगळं काही करू का?