एव्होरा: एका दिवसाची सहल

पोर्तुगालची राजधानी लिस्बनहून एव्होरा या जुन्या गावाला सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे योग्य ठरेल का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. रेल्वेने साधारण दीड तास लागतो, मात्र दिवसभरात गाड्या मोजक्याच असल्याने परतीची वेळ आधीच ठरवावी. माणसांच्या हाडांनी भिंती मढवलेल्या तेथील 'अस्थींच्या चॅपेल'विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून त्याची पुनरुक्ती करत नाही.

रोमन मंदिरापाशी मात्र थोडे रेंगाळावे. लोकांच्या तोंडी ते 'डायानाचे' (या रोमन देवीचे) मंदिर असले, तरी ते बहुधा सम्राटपूजेसाठी उभारले गेले होते, आणि मध्ययुगात स्तंभांमधील जागा भिंतींनी बुजवून तेथे पुढे १८३६पर्यंत खाटीकखाना चालत असल्यामुळेच, माझ्या मते, हे स्तंभ आज उभे दिसतात.

त्याहूनही मला भावला तो सोळाव्या शतकातील 'आग्वा दे प्राता' हा जलसेतू. तटबंदीच्या आत, रुआ दु कानु या रस्त्यावर, त्याच्या कमानींच्या पोटात घरे आणि दुकाने वसलेली आहेत. १९८६पासून जागतिक वारसा असलेल्या या गावात माणसे अजून अशी नांदत आहेत, हे पाहून मन भरून आले. एव्होरा ज्या आलेंतेजू प्रांतात आहे, तेथील उन्हाळी दुपार फार तापते, त्यामुळे हा रस्ता सकाळीच पायी पाहावा.