मदत हवी आहे: मसाल्याच्या नावावर ट्रेडमार्कची हरकत

नमस्कार मंडळी. आईच्या गोडा मसाल्याच्या नावासाठी वर्ग 30 मध्ये (मसाले वगैरे खाद्यपदार्थांचा गट) ट्रेडमार्कचा अर्ज केला होता, वैयक्तिक म्हणून 4500 रुपये फी भरून. आता तपासणी अहवाल आलाय: कलम 11, आधीच्या एका नावाशी साम्य. उत्तराला 30 दिवस, त्यातले अकरा तर मेल स्पॅममध्ये पडून गेले! एजंट म्हणतो, नवं नाव घ्या. पण आमच्याकडे 2016 पासूनची बिलबुकं आहेत, हळदीचे डाग पडलेली का होईना. समोरच्याचा अर्ज 2019चा, तोही ‘वापर प्रस्तावित’, म्हणजे अर्ज करताना नाव वापरात नव्हतंच. बिलं प्रतिज्ञापत्रासोबत जोडली तर चालतील का? अर्ज फेटाळला तर, 2021 मध्ये ट्रेडमार्कची अपिलं ऐकणारं अपील मंडळ बंद झाल्यापासून पुढे थेट उच्च न्यायालय, ते काही झेपणार नाही. ट्रेडमार्क कार्यालयाच्या व्हिडिओ सुनावणीला वकिलाशिवाय कोणी बसलंय का?